बॅटिंग ॲव्हरेजचा तक्ता कसा वाचायचा आणि स्वतः कसा मांडायचा: १९४१ चा अमेरिकन लीग हंगाम हाताशी घेऊन

क्रिकेटची आकडेवारी तोंडपाठ असलेला माणूस बेसबॉलच्या एखाद्या जुन्या हंगामाचा तक्ता उघडतो आणि पहिल्याच ओळीला अडखळतो. टेड विल्यम्स, .४०६. म्हणजे दहातल्या चार वेळा जमलं, सहा वेळा नाही. आणि यासाठी त्याला ऐंशी वर्षं डोक्यावर घेतलंय? हे कोडं उलगडायला एक संध्याकाळ पुरते. कागद आणि कॅल्क्युलेटर, नाहीतर एक्सेलची कोरी शीट, एवढंच लागतं. उदाहरणाला १९४१ चा अमेरिकन लीग हंगाम घेतलाय. तो जिथे अपुरा पडेल तिथे दुसरे हंगाम आणू.

सुरुवातीलाच सांगून टाकतो: भागाकार शाळकरी पोराला जमेल इतका सोपा आहे. भानगड आहे ती छेदात. कुठली खेळी छेदात धरायची, किमान किती खेळ्या झाल्या की माणूस यादीत बसतो, याच प्रश्नांवर विजेतेपदं इकडची तिकडे झाली आहेत.

पायरी १: आधी लीग पक्की करा

अमेरिकेच्या मेजर लीग बेसबॉलमध्ये दोन लीग आहेत, अमेरिकन आणि नॅशनल. बॅटिंगचा विजेता प्रत्येक लीगचा वेगळा. १९९७ पर्यंत नियमित हंगामात या दोन लीगचे संघ एकमेकांशी खेळतही नव्हते. तेव्हा ‘त्या वर्षी सगळ्यात जास्त ॲव्हरेज कुणाचं’ हा प्रश्न अर्धवट आहे. ‘कुठल्या लीगमध्ये’ हे विचारलंच पाहिजे.

ही नुसती औपचारिकता नाही. १९९० साली सेंट लुईस कार्डिनल्सचा विली मॅगी नॅशनल लीगमध्ये .३३५ वर होता. ऑगस्टच्या अखेरीस संघाने त्याला ओकलंडला देऊन टाकलं, म्हणजे थेट दुसऱ्या लीगमध्ये. त्याचे नॅशनल लीगमधले आकडे तिथेच गोठले. यादीत बसण्याइतक्या खेळ्या आधीच झाल्या होत्या, त्यामुळे तो त्या लीगमध्ये हजर नसताना तिथला बॅटिंग चॅम्पियन ठरला. ओकलंडचे आकडे मिळवले तर त्याचं वर्षाचं ॲव्हरेज .३२४ वर घसरतं. दोन्ही लीग मिळून त्या वर्षी सर्वाधिक ॲव्हरेज होतं डॉजर्सच्या एडी मरेचं, .३३०. त्याच्या हाती काहीच लागलं नाही. एकत्रित यादीवरून विजेता शोधणारा इथे हमखास फसतो.

पायरी २: कामाचे रकाने उचला

तक्त्यात वीस-पंचवीस रकाने असतात. त्यातले चार घ्या: प्लेट अपिअरन्स, ॲट-बॅट, हिट आणि वॉक. बाकीचे तूर्तास झाका.

प्लेट अपिअरन्स म्हणजे फलंदाज खेळायला किती वेळा उभा राहिला. हिट म्हणजे स्वतःच्या फटक्यावर तो सुखरूप बेसवर, म्हणजे धावताना गाठायच्या चार ठरलेल्या टप्प्यांपैकी एकावर, पोचला. एक बेस मिळो की होम रन (चारही बेसची फेरी पुरी करून देणारा फटका), हिट एकच मोजली जाते. क्रिकेटच्या सवयीला पहिला धक्का इथे बसतो, कारण या हिशेबात धावा येतच नाहीत. पिचरने, म्हणजे चेंडू फेकणाऱ्याने, चार चेंडू बाहेर टाकले तर फलंदाजाला पहिला बेस फुकट मिळतो, तो वॉक. आणि उभं राहिल्याच्या एकूण वेळांमधून काही गोष्टी वजा केल्या की उरतं ते ॲट-बॅट. हाच आपला छेद.

पायरी ३: छेद नीट लावा

इथे घाई करू नका. ॲट-बॅटमध्ये काय धरत नाहीत? वॉक धरत नाहीत. चेंडू अंगाला लागून मिळालेला बेस धरत नाहीत. दुसऱ्या धावपटूला पुढे सरकवण्यासाठी मुद्दाम हळूच टेकवलेला चेंडू, म्हणजे सॅक्रिफाइस बंट, धरत नाहीत. कॅचरने (आपल्या विकेटकीपरसारखा फलंदाजामागे बसणारा) अडथळा आणला तर तेही नाही.

याउलट, क्षेत्ररक्षकाच्या चुकीमुळे फलंदाज बेसवर पोचला तर ॲट-बॅट लागतो, हिट मिळत नाही. बेसवर उभा असूनही त्याचं ॲव्हरेज खाली येतं. चूक होती की हिट, हे मैदानावरचा अधिकृत स्कोअरर ठरवतो. म्हणजे या काटेकोर दिसणाऱ्या आकड्यात एका माणसाच्या नजरेचाही वाटा असतो.

आता विल्यम्सचे १९४१ चे आकडे घ्या. तो ६०६ वेळा खेळायला उभा राहिला. त्यातले १४७ वॉक आणि ३ वेळा चेंडू अंगाला लागला. ६०६ मधून १५० गेले, उरले ४५६. हा त्याचा छेद. वॉशिंग्टनच्या सेसिल ट्रॅव्हिसचा छेद त्याच वर्षी ६०८ होता आणि त्याच्या हिट होत्या २१८, लीगमध्ये सर्वात जास्त. विल्यम्सच्या १८५. तरी ॲव्हरेजच्या यादीत ट्रॅव्हिस दुसरा, कारण पिचर विल्यम्सला खेळता येईल असा चेंडू टाकायलाच तयार नव्हते आणि ते वॉक छेदातून बाहेर पडत होते.

क्रिकेटमध्ये नाबाद खेळी छेदातून सुटते, पण तिच्या धावा अंशात जमा होतात. बेसबॉलचा वॉक वरही नाही, खालीही नाही. जणू घडलाच नाही. म्हणून नाबाद राहून सरासरी फुगवल्याची जी कुरकुर आपल्याकडे चालते, तिला इथे जागा नाही. इथली तक्रार उलटी असते: इतकी चांगली नजर असूनही त्या वॉकचं मोल ॲव्हरेजमध्ये शून्य कसं?

जुने हंगाम मांडताना आणखी एक गोम लक्षात ठेवा. उंच मारलेला चेंडू झेलला गेला, पण तेवढ्यात तिसऱ्या बेसवरचा धावपटू घरी, म्हणजे शेवटच्या बेसवर, पोचून धाव पुरी झाली, तर त्याला सॅक्रिफाइस फ्लाय म्हणतात. आज तो ॲट-बॅटमध्ये धरत नाहीत. १९४० ते १९५३ या काळात धरत होते. म्हणजे १९४१ मध्ये असा प्रत्येक फटका विल्यम्सच्या छेदात जात होता. आजच्या नियमाने त्याचं ॲव्हरेज .४०६ च्या वर जाईल, खाली नक्कीच नाही.

पायरी ४: भागा, पण आकडा लगेच कापू नका

हिट भागिले ॲट-बॅट. १९४१ च्या अमेरिकन लीगचे पहिले पाच असे येतात:

| खेळाडू | संघ | हिट | ॲट-बॅट | ॲव्हरेज |
|---|---|---|---|---|
| टेड विल्यम्स | बॉस्टन | १८५ | ४५६ | .४०६ |
| सेसिल ट्रॅव्हिस | वॉशिंग्टन | २१८ | ६०८ | .३५९ |
| जो डिमॅजिओ | न्यूयॉर्क | १९३ | ५४१ | .३५७ |
| जेफ हीथ | क्लीव्हलँड | १९९ | ५८५ | .३४० |
| डिक सीबर्ट | फिलाडेल्फिया | १५६ | ४६७ | .३३४ |

दशांशानंतर तीन आकडे लिहायचे आणि पुढचं शून्य लिहायचं नाही, ही रीत. वाचताना दशांशचिन्ह गिळून टाकतात: ‘चारशे सहा’. एका हजारांशाला ‘पॉइंट’ म्हणतात, म्हणजे विल्यम्स ट्रॅव्हिसपेक्षा ४७ पॉइंटांनी पुढे होता. केवढं अंतर ते पाहायचं असेल तर ट्रॅव्हिसच्या ६०८ ॲट-बॅटला .४०६ यायला किती हिट लागतील ते काढा. २४७ येतं. आधीच लीगमध्ये सर्वाधिक हिट असलेल्या माणसाला आणखी २९ हव्या होत्या. (हा ट्रॅव्हिस पुढे सैन्यात गेला, दुसऱ्या महायुद्धातल्या बल्जच्या लढाईत त्याचे पाय हिमदंशाने जायबंदी झाले आणि परतल्यावर तो पूर्वीसारखा खेळला नाही. तक्त्यातल्या दुसऱ्या नावाकडे कुणी फार पाहत नाही, म्हणून सांगितलं.)

एक्सेलमध्ये करत असाल तर भागाकाराच्या कप्प्याला फक्त दिसण्यापुरते तीन दशांश द्या. आतला आकडा पूर्ण राहू द्या. गोल करून साठवला की पुढच्या पायऱ्यांत वाट लागते. किती, ते लगेच कळेल.

पायरी ५: एकच दिवस उलगडून पाहा

२७ सप्टेंबर १९४१ च्या सामन्याआधी विल्यम्सच्या १७८ हिट आणि ४४४ ॲट-बॅट होते, .४००९. त्या दिवशी चारात एकच हिट मिळाली: १७९ भागिले ४४८, म्हणजे .३९९५५. गोल केलं तर .४००. दुसऱ्या दिवशी फिलाडेल्फियाच्या शाइब पार्कवर हंगामातले शेवटचे दोन सामने एकाच दुपारी होते. मॅनेजर जो क्रोनिनने त्याला बाहेर बसायची मुभा दिली. बसला असता तर तक्त्यात .४०० छापून आलं असतं. तो खेळला.

आता कॅल्क्युलेटर घ्या. दोन सामन्यांत आठ ॲट-बॅट होतील असं धरलं तर एकूण छेद ४५६. .४०० टिकवायला १८३ हिट हव्यात, कारण १८२ ला .३९९ येतं. म्हणजे आठात चार. लीगमधल्या उत्तम फलंदाजालाही आठात तीनच्या आसपास मिळतात, आणि हा .४०० च्या वेगाने खेळला तरी सरासरी तीन-सव्वातीन. धोका चांगलाच होता.

पहिल्या सामन्यात त्याने पाचात चार मारल्या, त्यात एक होम रन. १८३ भागिले ४५३, .४०४. या टप्प्यावर हिशेब पूर्ण पालटतो: दुसऱ्या सामन्यात चारात शून्य झालं असतं तरी १८३ भागिले ४५७ म्हणजे .४००४. तो सुरक्षित होता. तरी दुसऱ्यातही उतरला आणि तिनात दोन मारल्या. आठात सहा. १८५ भागिले ४५६.

याच दोन सामन्यांत नवशिक्याची नेहमीची चूकही दाखवता येते. पहिल्या सामन्याचं ॲव्हरेज .८००, दुसऱ्याचं .६६७. दोन्हींची सरासरी काढली तर .७३३ येते. खरं उत्तर आठात सहा, .७५०. ॲव्हरेजांची ॲव्हरेज कधीच काढू नका. महिने जोडायचे असोत, संघ जोडायचे असोत की वर्षं, अंश अंशात मिळवा, छेद छेदात मिळवा, मग भागा.

पायरी ६: कोण यादीत बसतो ते ठरवा

एकदाच खेळायला येऊन एक हिट मारणाऱ्याचं ॲव्हरेज १.००० असतं. त्याला चॅम्पियन म्हणता येत नाही, म्हणून किमान खेळ्यांची अट. ही अट वेळोवेळी बदलली आहे, आणि जुन्या हंगामाला आजची अट लावली की यादी चुकते.

१९४० मध्ये पिट्सबर्गच्या डेब्स गार्म्सने १०३ सामने खेळून आणि अवघ्या ३५८ ॲट-बॅटवर .३५५ काढून नॅशनल लीगचं विजेतेपद नेलं. तेव्हा साधारण शंभर सामने पुरत. १९५४ पर्यंत अट ४०० ॲट-बॅटची झाली होती. त्या वर्षी विल्यम्सचं ॲव्हरेज .३४५, पण ॲट-बॅट ३८६. का? दुखापतीने सामने चुकले होतेच, वर १३६ वॉक. क्लीव्हलँडचा बॉबी ॲव्हिला .३४१ वर विजेता झाला. पिचर घाबरून वॉक देतात आणि त्या वॉकमुळेच माणूस यादीबाहेर जातो, हा उफराटा न्याय सगळ्यांना खटकला. १९५७ पासून अट ॲट-बॅटऐवजी प्लेट अपिअरन्सवर आली: संघाच्या दर सामन्यामागे ३.१. आजच्या १६२ सामन्यांच्या हंगामाला ५०२, जुन्या १५४ सामन्यांना ४७७. माझ्या मते या सगळ्या इतिहासातली ही सर्वात शहाणी दुरुस्ती.

अट थोडक्यात हुकली तर? जितक्या प्लेट अपिअरन्स कमी आहेत तितके हिटविना ॲट-बॅट छेदात घालायचे. तरीही तो पहिला येत असेल तर विजेता तोच. १९९६ मध्ये सॅन डिएगोच्या टोनी ग्विनच्या १५९ हिट, ४५१ ॲट-बॅट आणि ४९८ प्लेट अपिअरन्स होत्या. चार कमी. १५९ भागिले ४५५ म्हणजे .३४९. दुसऱ्या क्रमांकावरचा एलिस बर्क्स .३४४. ग्विन जिंकला, आणि तक्त्यात त्याच्या नावापुढे त्याचं खरं ॲव्हरेज .३५३ हेच छापलं गेलं. म्हणून शीटमध्ये दोन रकाने ठेवा, एक छापायच्या ॲव्हरेजचा, दुसरा फक्त क्रम लावायचा.

पायरी ७: क्रम लावा, बरोबरी फोडा

क्रम नेहमी गोल न केलेल्या आकड्यावर लावायचा. १९४९ च्या अमेरिकन लीगचा तक्ता पाहिलात तर पहिली दोन नावं .३४३ आणि .३४३. डेट्रॉइटचा जॉर्ज केल: १७९ भागिले ५२२, .३४२९१. विल्यम्स: १९४ भागिले ५६६, .३४२७६. विल्यम्सला आणखी एक हिट मिळाली असती तर तो जिंकला असता, आणि होम रन व आरबीआय (आपल्या फटक्यावर संघाला मिळवून दिलेल्या धावा) या दोन्ही रकान्यांतही त्या वर्षी तो अव्वल असल्यामुळे तिसऱ्यांदा ट्रिपल क्राउन, म्हणजे या तिन्ही रकान्यांत एकाच वर्षी पहिला येण्याचा मान, त्याच्या नावावर लागला असता. पायरी ४ मध्ये आकडा कापला असतात तर तुमच्या शीटने इथे बिनदिक्कत बरोबरी दाखवली असती.

पायरी ८: लीगच्या हवामानाशी ताडून पाहा

विजेत्याचा आकडा एकटा वाचला तर फसवतो. १९३० साली नॅशनल लीगच्या सगळ्या फलंदाजांचं मिळून ॲव्हरेज .३०३ होतं, त्या वर्षी न्यूयॉर्क जायंट्सच्या बिल टेरीने.४०१ काढलं. १९६८ मध्ये पिचर इतके वरचढ झाले की अमेरिकन लीगचं एकत्रित ॲव्हरेज .२३० वर आलं आणि बॉस्टनचा कार्ल यास्ट्रझेम्स्की .३०१ वर विजेता ठरला. इतक्या कमी ॲव्हरेजवर त्या लीगमध्ये कुणीच कधी जिंकलेलं नाही. पुढच्या वर्षी पिचर ज्यावर उभा राहून चेंडू टाकतो त्या उंचवट्याची उंची १५ इंचांवरून १० वर आणली गेली. वजाबाकी केली तर टेरी लीगच्या ९८ पॉइंट वर, यास्ट्रझेम्स्की ७१. पण लीगच्या ॲव्हरेजने भागलंत तर दोघं जवळजवळ मांडीला मांडी लावून बसतात: १.३२ आणि १.३१. मी भागाकारावर जास्त विश्वास ठेवतो.

इथेच वॉकचा रकाना पुन्हा काढा. हिट, वॉक आणि अंगाला लागलेले चेंडू यांची बेरीज करा आणि तिला, सॅक्रिफाइस फ्लाय वेगळे मोजले नसतील तर, ॲट-बॅट, वॉक आणि अंगाला लागलेले चेंडू यांच्या बेरजेने भागा. याला ऑन-बेस म्हणतात. विल्यम्सचे १९४१ चे ३३५ भागिले ६०६, म्हणजे .५५३. निम्म्याहून अधिक वेळा तो बेसवर पोचत होता. तरी त्या वर्षी अमेरिकन लीगचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून बेसबॉलवर लिहिणाऱ्या पत्रकारांनी डिमॅजिओला निवडलं, कारण त्याने सलग ५६ सामन्यांत हिट मारली होती. त्या ५६ सामन्यांतलं डिमॅजिओचं ॲव्हरेज .४०८. विल्यम्सने ते वर्षभर जवळपास तेवढंच ठेवलं होतं.

पायरी ९: दोन तक्ते जुळले नाहीत तर

जुळणार नाहीतच, विशेषतः १९२० च्या आधीचे. १८८७ मध्ये वॉक हिट म्हणून मोजले गेले, म्हणून सेंट लुईसच्या टिप ओ’नीलचं ॲव्हरेज तेव्हा .४९२ छापलं गेलं. आजच्या हिशेबाने ते.४३५ आहे.

१९१० चं प्रकरण तर खमंग आहे. चामर्स कंपनीने बॅटिंग चॅम्पियनला मोटार जाहीर केली होती. टाय कॉबने आघाडी राखायला शेवटचे दोन सामने बाहेर बसून काढले. शेवटच्या दिवशी सेंट लुईसमध्ये क्लीव्हलँडच्या नॅप लाजवेने दोन सामन्यांत आठ हिट घेतल्या, त्यातल्या बहुतेक बंट, कारण सेंट लुईसच्या मॅनेजरने तिसऱ्या बेसवरच्या नवख्या रेड कॉरिडनला मुद्दाम मागे उभं केलं होतं. कॉबवर राग इतका होता की प्रतिस्पर्धी संघच लाजवेला मदत करत होता. लीगचा अध्यक्ष बॅन जॉन्सनने अखेर कॉबला किंचित पुढे ठरवलं आणि कंपनीने दोघांनाही गाडी दिली. १९८१ मध्ये उघड झालं की कॉबचा एक सामना, तिनात दोन हिटचा, नोंदवहीत दोनदा चढला होता. तो काढला की लाजवे पुढे जातो. मेजर लीगचे प्रमुख, कमिशनर बोवी क्यून यांनी जुनाच निकाल कायम ठेवला. म्हणून आज एका ठिकाणी कॉब पहिला दिसतो, दुसऱ्या ठिकाणी लाजवे. तक्ता मांडताना आपण कुठली नोंद धरली ते खाली एका ओळीत लिहून टाका.

आणि ‘.४०० काढणारा शेवटचा माणूस विल्यम्स’ हे वाक्य आता जपून लिहा. २०२४ मध्ये मेजर लीगने निग्रो लीगचे आकडे अधिकृत नोंदीत घेतले. कृष्णवर्णीयांना मेजर लीगची दारं बंद होती, तेव्हाच्या या लीग. त्यात जॉश गिब्सनचा १९४३ चा हंगाम .४६६ आहे. विल्यम्सबद्दलचं वाक्य अमेरिकन आणि नॅशनल लीगपुरतं खरं आहे, तेवढी पुस्ती जोडा.

हात साफ करायला

१९३१ चा नॅशनल लीग घ्या. सेंट लुईसचा चिक हेफी: १५७ हिट, ४५० ॲट-बॅट. जायंट्सचा बिल टेरी: २१३ आणि ६११. सेंट लुईसचाच जिम बॉटमली: १३२ आणि ३७९. तीन दशांशांवर पहिले दोघं .३४९, तिसरा .३४८. चार दशांशांवर .३४८९, .३४८६ आणि .३४८३, विजेता हेफी. मग यालाच ४७७ प्लेट अपिअरन्सची आजची अट लावून पाहा. बॉटमली फक्त १०८ सामने खेळला होता, त्यामुळे तो यादीतून बाद होतो. पण त्या काळच्या अटीने तो रीतसर तिसरा आहे आणि तुमच्या तक्त्यातही तिसराच राहिला पाहिजे.